महिलेच्या विनंतीवरून

वारजे, पुणे
९ जानेवारी

चि. सुरुची,

'चि.' लिहिलं खरं, पण तू आता त्रेचाळीस-चव्वेचाळीसची असशील. हाताची सवय. खोडत नाही.

तुझी मेल मिळाली. सतरा वर्षांनी, आणि नुसतं कामापुरतं. 'कशा आहात' नाही, 'गुडघा काय म्हणतो' नाही. माझ्याच हाताखाली शिकलीस, मग तक्रार तरी कुणाकडे करू? फोनवर मराठी टाइप करायला गेले की बोटं भलतीकडेच पडतात, म्हणून हातानं लिहिते आहे. स्पृहा, माझी सून, ऑफिसला निघायच्या आधी पानांचे फोटो काढून तुला पाठवेल. तिच्याकडे सकाळी चार मिनिटं असतात, त्यातली दोन मला मिळतात.

तू विचारलंयस, 'मनसरानं ते वगळायला सांगितलं होतं का? हो की नाही, एवढंच सांगा.' आणि हेही लिहिलंयस की तुझ्या वकीलबाई हे पत्र भाषांतर करून वाचतील. मग पहिल्यापासून सांगते, म्हणजे त्यांना कोडं पडायला नको.

नेपाळातलं युद्ध थांबून दोन वर्षं झाली होती. आपला अभ्यासगट नऊ बायकांचा. त्यात मी सर्वांत मोठी, तू सर्वांत धाकटी, आणि नेपाळी येणारी एकटी तू. विश्रांतवाडीला आपलं कार्यालय ज्या इमारतीत होतं तिथला पहारेकरी पश्चिम नेपाळातला. तोच एकदा म्हणाला, मॅडम, आमच्या गावात जाऊन बघा, तिथल्या बायकांना कोणी काही विचारत नाही. म्हणून त्या दिवाळीच्या सुट्टीत तू आणि मी गेलो. एकतीस बायकांशी बोललो. तू वहीत उतरवून घेतलंस आणि परत आल्यावर वह्यांवरून मी अहवाल लिहिला. मनसरा ही त्या पहारेकऱ्याचीच बायको. तिला वर्दीतल्या तिघांनी गोठ्यात नेलं होतं. अहवालात तिच्या जबानीत 'मारहाण केली' एवढंच आहे, आणि खाली माझी तळटीप, 'सदर महिलेच्या विनंतीवरून काही तपशील वगळला आहे.'

आता तिथं अशा बायकांच्या तक्रारी घेताहेत. मनसरानं तक्रार केली आहे आणि तिला जोडायला त्या काळातला छापील कागद एकच, आपला अहवाल. त्यात 'मारहाण'. म्हणजे बाई आज वाढवून सांगते आहे, असं कोणीही म्हणू शकतं. आणि तळटीप वाचली की वाटतं, तिनं स्वतःच तेव्हा अंग काढून घेतलं. तू ऐकलंस ते तू लिहून देणार आहेसच, पण अहवालावर तुझंही नाव आहे. तळटीप माझी, म्हणून तिचं उत्तर मीच द्यायचं, आणि तेही महिनाअखेरीच्या आत. बरोबर समजले ना मी?

तर उत्तर : हो. तिनं सांगितलं होतं. तू झऱ्यावर गेली होतीस तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, दिदी, ते लिहू नका. तेव्हाही मी तुला हेच सांगितलं होतं. तेव्हाही तुला पटलं नव्हतं आणि महिन्याभरात गट सोडून तू तिकडेच निघून गेलीस.

वह्या मागितल्यास. वह्या नाहीत. हे गेले, मग आम्ही वारज्याला राहायला आलो, त्या हलवाहलवीत रद्दीत गेल्या.

झालं समाधान? मला आता आडवं व्हायचं आहे.

तुझी,
श्यामलाताई


वारजे
१४ जानेवारी

सुरुची,

आज संक्रांत. तिळगूळ पाठवायची सोय नाही आणि गोड बोल म्हणायला तू जागा ठेवली नाहीस.

'मग हेच शपथेवर लिहून द्या, ती कधी, कुठं, कोणत्या शब्दांत म्हणाली ते.' असं कोणी लिहितं का? मी काय आरोपी आहे? एकाहत्तरावं चालू आहे मला. काल दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून मी देवपूजेला बसले ते घरभर धूर झाल्यावर उठले. आणि तुला सतरा वर्षांपूर्वीचे शब्द हवेत.

बरं, आठवतं तेवढं सांगते. आम्ही दोघी ओसरीवर मका सोलत बसलो होतो. तू आत तिच्या सासूशी बोलत होतीस. ती हळूच म्हणाली, नको लिहू. बस. एवढंच.

पण सुरुची, तू त्या काळाचा विचार कर. तेव्हाच्या मदतीच्या यादीत कोण होतं? ज्यांची माणसं मारली गेली ते, ज्यांची माणसं बेपत्ता झाली ते, ज्यांची घरं जळली ते. या बायकांना त्यात रकानाच नव्हता. छापून तिला काय मिळणार होतं? नवरा पुण्यात, आपल्याच दारात बसलेला. रोज सकाळी आपण नऊजणी त्याच्या हातची किल्ली घेऊन वर जायचो. त्याला एकदा हे कळलं असतं तर तो पुन्हा गावी गेला असता का? त्यानं तिला घरात ठेवलं असतं का? तू तेव्हा सव्वीस वर्षांची, तुला न्याय हवा होता. मला तिचा संसार दिसत होता. आणि तो टिकला, हे तूच लिहिलंयस. दोन मुलं, नातवंड, शेत. काय वाईट झालं मग?

मला एकदा तरी कोणी म्हणावं, की ताई, तुम्ही सांभाळून घेतलंत. सगळ्या जगाला उघडं करून बघायचीच घाई.

आणि आता तरी त्याला ठाऊक आहे का? तू विचारलंस त्याला? तिनं तक्रार केली म्हणजे त्याला सांगूनच केली असेल, असं तू गृहीत धरतेस. बायका नवऱ्याला न सांगता काय काय करतात ते मी चाळीस वर्षं ऐकत आले आहे. मी आज शपथेवर काहीबाही लिहून द्यायचं आणि म्हातारपणी तिनं माहेरी जाऊन बसायचं? माहेर तरी उरलंय का तिला?

स्पृहा खोळंबली आहे. पानाच्या कडेला तिचा अंगठा येईल फोटोत, तिकडे दुर्लक्ष कर.

श्यामलाताई


वारजे
१९ जानेवारी

सुरुची,

या पानांचे फोटो मी स्वतः काढले आहेत. वाकडे असतील. दोन ओळी कापल्या गेल्या तर समजून घे, नाहीतर सोड. स्पृहाला हे वाचायला द्यायचं नव्हतं.

तुझी मेल वाचली. 'ताई, पहिल्या पत्रात मी झऱ्यावर होते. दुसऱ्या पत्रात मी सासूशी बोलत होते. आणि त्या गावात त्या वर्षी मका झालाच नव्हता, आपण चार दिवस कोदोची, म्हणजे नाचणीचीच, भाकरी खाल्ली.'

काय गं, परीक्षेचा पेपर तपासतेस का? खूप राग आला मला. दुपारी जेवले नाही. संध्याकाळी आमोदनं विचारलं, आई, बरं नाही का, तर त्याच्यावरही खेकसले. तो बिचारा गुपचूप खाली चक्कर मारायला गेला.

मी काही उत्तर देणार नाही यावर. माणूस विसरतो. मला फक्त एक खात्री करून घ्यायची आहे, लोकमानला ठाऊक आहे की नाही.

हो, लोकमान. अकरा वर्षं आपण त्याला 'बहादूर' म्हटलं आणि तो 'जी मॅडम' म्हणत राहिला. नाव तुझ्या मेलमध्ये वाचलं तेव्हा मी दोनदा बघितलं, हा कोण म्हणून. स्पृहानं दोनचार फोन करून शोध लावला. विश्रांतवाडीतच आहे अजून, आळंदी रस्त्यावरच्या एका सोसायटीत, दिवसपाळीला. चौसष्ट वर्षांचा माणूस, अजून फाटकाशी.

उद्या-परवा जाऊन येते. त्याला ठाऊक नसेल, तर माझं तोंड मी बंद ठेवणार आणि तूही माझ्यामागे लागायचं नाहीस. तेवढी एक अट.

श्यामला


वारजे
२३ जानेवारी

सुरुची,

काल जाऊन आले. बसनं गेले. दोन बस, मध्ये अर्धा तास थांबणं, परत येताना उभी. आज पाय वर करून पडले आहे आणि मांडीवर वही ठेवून लिहिते आहे, अक्षर असंच येणार.

त्यानं मला लगेच ओळखलं. मी त्याला ओळखलं नाही. केस पांढरे, स्वेटर मोठा झालेला, समोरचा दात नाही. खुर्ची पुढं केली, स्वतः उभा राहिला. समोरच्या टपरीवरून चहा सांगितला. त्याचं मराठी आता माझ्या नातवापेक्षा चांगलं आहे.

मी घोळ घालत बसले. गाव कसं आहे, थंडी किती, मुलगा काय करतो. मनात हेच, कुठून सुरुवात करू, की याला कळणार नाही मी काय विचारते आहे ते. त्यानंच सरळ विचारलं, 'मॅडम, तुम्ही कागदाचं विचारायला आलात ना? सुरुची दिदीचा फोन असतो मला.'

मी म्हटलं, कुठला कागद?

म्हणाला, 'आमच्या घरवालीचा. गोठ्यातला.'

मी चहाचा कप खाली ठेवला. त्याला सगळं ठाऊक होतं, सुरुची. आपण जायच्या चार वर्षं आधीपासून. तो गावी पोचला त्या पहिल्याच रात्री तिनं त्याला सांगितलं होतं आणि तो सहा महिने पुण्याला परत आला नव्हता, तिच्याजवळ राहिला होता. आपण गेलो तेव्हा ती बोलायला तयार नव्हती. त्यानंच पुण्याहून फोन करून तिला समजावलं. त्याचे शब्द असे, 'मी बोललो तिला, जा, सगळं सांग. या बाई लोक आहेत, शिकलेल्या आहेत, मी रोज बघतो त्यांना. त्या लिहून घेतील. पुण्यात छापतील. मग कोणी खोटं म्हणणार नाही.'

मग कार्यक्रमाचं बोलला. तुला कार्यक्रम आठवतो का? तू आलीच नव्हतीस, तोवर आपलं बोलणं बंद झालं होतं. टिळक रस्त्यावरचं सभागृह, अहवालाचं प्रकाशन, आणि लोकमानचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. कल्पना माझीच. लोकांना फार आवडली होती, वर्तमानपत्रात फोटो आला. शाल पांघरून तो व्यासपीठावर उभा होता आणि मी एकेक जबानी वाचत होते. तो म्हणाला, 'मी वाट बघत होतो, मॅडम. आता मनसराचं येईल, आता येईल. घाम फुटला होता मला, पण बोललो मनात, होऊ दे, सगळ्यांच्या समोर होऊ दे. मग तुम्ही वाचलं, मारहाण केली. आणि टाळ्या.'

त्यानं त्या संध्याकाळी गावात फोन केला. तिनं विचारलं, वाचलं का? हा म्हणाला, वाचलं, पण ते नाही वाचलं. त्यांना पटलं नाही वाटतं.

'त्यांना पटलं नाही वाटतं.' हे तो मला अगदी साधेपणानं सांगत होता गं, तक्रारीचा सूर नाही, काही नाही. वर मलाच म्हणाला, 'तुमचं पण बरोबर आहे मॅडम, तिथं कोणी बघणारं नव्हतं.'

त्यानंतर वर्षानुवर्षं गावात लोक येत राहिले. वह्या घेऊन, कॅमेरे घेऊन, पत्रकं घेऊन. मनसरा एकदाही गेली नाही. शेजारणी बोलावायला आल्या की म्हणायची, पुण्याच्या बायकांना पटलं नाही, त्या तर आमच्या ओळखीच्या होत्या. यांना काय पटणार? तू तिथंच राहतेस म्हटल्यावर तुला माहीत असेल हे. मला माहीत नव्हतं. मी सतरा वर्षं 'मी तिचा संसार वाचवला' असं मानून जेवत होते, झोपत होते, व्याख्यानं देत होते.

ऐक आता. झऱ्यावर नाही आणि ओसरीवरही नाही. तिनं मला काहीही सांगितलं नव्हतं. ती माझ्याशी एकटी कधी बोललीच नाही. ती बोलली ती तुझ्यासमोर, आपण दोघी शेजारी बसलेल्या असताना, आणि साध्या शब्दांत बोलली. तू तिथल्या तिथं मला मराठीत सांगत होतीस. मध्येच थांबून तिनं तुझ्या वहीकडे बोट केलं आणि विचारलं, 'लेख्नुभयो?' लिहिलंत का? तू हो म्हणालीस. तिनं परत विचारलं. तू वही फिरवून तिला दाखवलीस. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती किती तरी वेळ त्या पानाकडे बघत होती. मला हे सगळं आठवतं. पातेलं विसरते मी, हे नाही विसरले.

मग मी असं का केलं? मलाही विचारायला सतरा वर्षं लागली. मी तुला सांगितलं, स्वतःला सांगितलं, संसार वाचवायला. त्यात थोडं खरं असेलही. पण खरं कारण सांगू? पत्रिका छापून झाल्या होत्या. सत्काराचं ठरलं होतं. मनसराची जबानी अहवालात घेतली नाही तर लोकमानचा सत्कार कशाबद्दल करणार? आणि जशी आहे तशी घेतली, तर तो शाल पांघरून उभा असताना चारशे माणसं त्याच्याकडे कशी बघतील? पहिल्या रांगेत माझ्या सासूबाई बसणार होत्या, शाळेच्या मुली गाणं म्हणणार होत्या. मला तो कार्यक्रम नीट व्हायला हवा होता. बस. इतकं क्षुद्र कारण आहे. मी तीन वाक्यं काढली आणि एक घातलं. मग वाटलं, कोणी विचारलं तर? म्हणून तळटीप. तळटीप लिहिल्यावर मला इतकं बरं वाटलं होतं की मी स्वतःसाठी कॉफी केली.

वह्याही रद्दीत गेल्या नाहीत. म्हणजे निदान तुझ्या वहीतली ती पानं नाहीत. तू भांडून निघून गेलीस त्या आठवड्यात मी ती चार पानं फाडली, बारीक तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. उरलेल्या वह्या खरोखरच रद्दीत गेल्या.

तू मला तेव्हा सरळ 'खोटारड्या आहात' म्हणायला हवं होतंस. नुसती निघून गेलीस. मला वाटलं, गर्विष्ठ आहे.

निघताना लोकमान मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. फाटकावर कोणी नव्हतं म्हणून सारखा मागं वळून बघत होता. मी त्याला एवढंच सांगितलं की आम्हाला पटलं होतं. तो म्हणाला, 'मग मॅडम, का?' तेवढ्यात बस आली. मी चढले. बस आली म्हणून सुटले, असं मला वाटलं, हेही लिहून ठेवते.

श्यामला


वारजे
२९ जानेवारी

सुरुची,

तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस. 'माफ केलं' वगैरे लिहिलं असतंस तर मला ते खरं वाटलं नसतं.

प्रतिज्ञापत्र झालं आहे. सोबत जोडते. ते कसं झालं तेवढं सांगते, कारण हसू येईल तुला, आणि फार दिवसांत आपण हसलो नाही.

मी चार दिवस रोज कागद घेऊन बसत होते. शेवटी एक मसुदा जमला. तो स्पृहाला टाइप करायला दिला. म्हटलं आता लपवून काय करायचं, हिनं आधीची पत्रं फोटो काढताना वाचलीच असणार. तिनं वाचली होतीच. 'सॉरी आई, पण अक्षर इतकं सुंदर आहे की डोळे जातातच,' म्हणे. मग मसुदा वाचून म्हणाली, 'आई, हे काय लिहिलंय? अनुचित प्रकार?'

मी म्हटलं, कळतं ना त्यातून?

'अनुचित प्रकार म्हणजे रांगेत घुसणं पण असतं, आई.'

मी खोडून 'अतिप्रसंग' लिहिलं. तिनं मान हलवली. 'वकीलबाई हे भाषांतर करणार. काय करतील त्या याचं? तुम्ही परत तेच करताय.' मी चिडले. म्हटलं, तुमच्या पिढीला काही वाटत नाही, तोंडाला येईल ते बोलता. ती लॅपटॉप मिटून शांतपणे म्हणाली, 'मनसराला वाटत होतं ना काहीतरी? तरी बोलली ना ती? तुम्ही तर नुसतं लिहायचंय.'

सून आहे, कुणाकडे तक्रार करू? मी आत जाऊन पडले. अर्ध्या तासानं बाहेर आले आणि तिला सांगितलं, लिही. मी शब्द उच्चारला. स्वयंपाकघरात, आमोद ताटं घेत होता त्याच्यासमोर. तो एक क्षण थांबला आणि मग परत ताटं घेऊ लागला. एवढंच झालं. छत कोसळलं नाही.

आज आम्ही दोघी नोटरीकडे गेलो. इथंच, भाजी मंडईच्या पुढं बसतात. त्यांनी सगळं वाचलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. 'बाई, तुम्ही स्वतःच्या विरुद्ध लिहून देताय. सल्ला घेतलात का कुणाचा?' मी म्हटलं, सल्ले देण्यातच आयुष्य गेलं, आता सही कुठं करायची ते सांगा.

मूळ प्रत उद्या कुरिअरनं निघेल. फोटो स्पृहानं काढले आहेत, सरळ आहेत. गटातल्या आज हयात असलेल्या पाचजणींना मी प्रत पाठवणार आहे. त्यातल्या दोघी मला फोन करून रडतील आणि एक बोलणं टाकेल, कोण ते मला आत्ताच सांगता येईल.

तुझ्याकडून एकच हवं आहे. वकीलबाईंकडे द्यायच्या आधी हे मनसराला वाचून दाखव. तिच्या भाषेत, सगळं, एक शब्द न गाळता. ती म्हणाली की यातलं काही बदला, तर बदलायचं. या वेळी खरंच तिच्या विनंतीवरून.

श्यामला


प्रतिज्ञापत्र

मी, श्रीमती श्यामला अनंत मेहेंदळे, वय ७० वर्षे, धंदा निवृत्त, राहणार वारजे, पुणे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की,

सतरा वर्षांपूर्वी मी व माझ्या सहकारी सुरुची यांनी पश्चिम नेपाळातील एका गावी महिलांच्या जबान्या घेतल्या. त्यांतील एक जबानी श्रीमती मनसरा यांची होती. त्या वेळी मी स्वतः हजर होते व त्यांचे सर्व म्हणणे मी माझ्या कानांनी ऐकले; सुरुची यांनी ते तिथेच मला मराठीत सांगितले.

मनसरा यांनी सांगितले की, वर्दीतील तीन पुरुषांनी त्यांना घरामागील गोठ्यात नेले व तिघांनी त्यांच्यावर बलात्कार केला. त्यांनी हे स्पष्ट शब्दांत सांगितले. ते लिहून घेतले आहे का, असे त्यांनी दोन वेळा विचारले व आम्ही हो म्हटले.

त्यानंतर छापलेल्या अहवालात मी 'बलात्कार' हा शब्द व त्यासंबंधीची तीन वाक्ये काढून टाकली आणि 'मारहाण केली' असे लिहिले. हे मी एकटीने केले. माझ्या सहकारी सुरुची यांना मी त्याचे खोटे कारण सांगितले. मूळ वहीतील संबंधित पाने मी फाडून नष्ट केली.

सदर अहवालात 'महिलेच्या विनंतीवरून काही तपशील वगळला आहे' अशी तळटीप आहे. ती मी लिहिली. ती खोटी आहे. मनसरा यांनी अशी विनंती केव्हाही, कोठेही, कोणत्याही शब्दांत केलेली नाही. त्यांची विनंती एकच होती, ती म्हणजे लिहा.

तपशील वगळला याचा अर्थ तो मला खरा वाटला नाही, असा कोणी घेऊ नये. त्यांनी सांगितलेला प्रत्येक शब्द मला त्याच दिवशी, तिथे बसल्या बसल्या, खरा वाटला होता.

वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा असून तो मी कोणाच्याही दबावाखाली लिहून दिलेला नाही.

पुणे
दि. २९ जानेवारी

(सही)
श्यामला अनंत मेहेंदळे